सही त्याची, हुकूम आपला

मा. संचालक मंडळ यांस,

स. न. वि. वि.

मी आपल्या एका साइटवर सेंट्रिंगचा, म्हणजे ओलं कॉन्क्रीट तोलून धरणाऱ्या फळ्या-टेकूंच्या कामाचा, सुपरवायझर आहे. त्याआधी अकरा वर्षं सुतारकाम केलं, त्यामुळे टेकू लावायचे कसे आणि काढायचे कधी हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. या पत्रातला मजकूर मी आधी नेहमीच्या वाटेने वर पाठवला होता. साइट इंजिनियरकडे दिला, त्यांनी प्रोजेक्ट मॅनेजरकडे दिला. परत आले दोन शब्द, ‘नोंद घेतली’. कुठल्या वहीत घेतली ते मला सापडलं नाही, म्हणून हे उघड लिहितोय.

चौथ्या मजल्याच्या स्लॅबला डक्टसाठी, म्हणजे पाइप वरखाली न्यायच्या जागेसाठी, भोक सोडलं होतं. एक माणूस सहज आत जाईल एवढं. त्यावर प्लायवुडची शीट टाकलेली होती. टाकलेली म्हणजे नुसती टाकलेली. स्क्रू नाही, खिळा नाही, वर रंगाची खूणही नाही. आजूबाजूला तशाच पाच-सहा शीटा पसरल्या होत्या, त्यात ही कुठली वेगळी हे बघून कळायचं कारण नव्हतं. साइटवर दुसराच दिवस असलेल्या एका पोराला मुकादम म्हणाला, “त्या शीटा उचल आणि लिफ्टपाशी रचून ठेव.” पोराने सांगितलं तेच केलं. चौथी की पाचवी शीट त्याने दोन्ही हातांनी उचलली, छातीसमोर उभी धरली आणि एक पाऊल पुढे टाकलं.

आमच्या धंद्यात मुरलेल्या कुणालाही हा अपघात समजावून सांगावा लागत नाही. भोक झाकायला जी शीट ठेवली, तीच हातात आल्यावर माणसाच्या डोळ्यांवर येते. समोर लाकूड, पायाखाली पोकळी. मजल्याची उंची तीन मीटर. तीन मीटर पडायला एक सेकंदसुद्धा लागत नाही, आणि खाली आदळताना वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. खाली सळ्यांची टोकं नव्हती, फळ्यांची थप्पी होती. त्यामुळे टाच आणि मनगट यांवर निभावलं. टाचेचं हाड मोडलं की ते पूर्वीसारखं बसेलच असं नसतं, आणि परांचीवर चढणाऱ्या माणसाची टाच म्हणजे त्याचं अर्धं कसब.

संध्याकाळी अहवाल तयार झाला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा. सुरक्षा प्रशिक्षण दिलेले होते.’ सोबत पुरावा म्हणून रजिस्टरच्या पानाची प्रत.

त्या पानाबद्दल मला बोलायचं आहे, कारण त्या प्रशिक्षणाला मी खोलीत हजर होतो. एक्केचाळीस माणसं, एक प्रोजेक्टर, बावीस मिनिटांचा व्हिडिओ. त्यातली साइट इतकी स्वच्छ होती की मागे कुणीतरी हळूच म्हणालं, “इथं कामाला लावा की आम्हाला.” निवेदन ज्या भाषेत होतं ती खोलीतल्या दहा-बारा जणांना नीट समजत असेल. पोरगा खांबाच्या मागे बसला होता, अर्धा पडदाच त्याला दिसत होता. शेवटी रजिस्टर फिरलं. बहुतेकांनी कसंबसं गिरगटवलं, काहींनी अंगठा दिला. या पोराने मात्र सावकाश, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं. शाळेत लिहितात तसं. मागचे लोक “उरक रे लवकर” म्हणत होते, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

तीच सही आता त्याच्याविरुद्ध पुरावा आहे.

बावीस मिनिटांत उघड्या भोकांबद्दल एक वाक्य होतं, ‘धोकादायक जागांपासून दूर राहा’. जमिनीवर पडलेली शीट ही धोकादायक जागा असू शकते, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. मी माझ्या माणसांना शिकवतो ते असं: स्लॅबवर पडलेली शीट म्हणजे भोक, उलट खात्री होईपर्यंत. शीट उचलायची नाही. एक कड पायाने सरकवायची, खाली बघायचं, मगच दोघांनी दोन टोकांना धरायची, आणि चालताना आडवी धरायची. हे शिकवायला दहा मिनिटं लागतात, पण ती स्लॅबवर उभं राहून, खऱ्या शीटवर, प्रत्येकाकडून एकदा करून घेऊन द्यावी लागतात. खोलीत बसून एक्केचाळीस जणांना हे येत नाही.

आता एक कबुली. त्या सकाळी त्या शीटवरून मी दोनदा गेलो होतो. तिला स्क्रू नाहीत हे मला दिसलं होतं. पहिल्यांदा वाटलं, प्लंबिंगवाल्यांचं काम आहे, ते बघतील. दुसऱ्यांदा घाई होती. अहवालात माझं नाव नाही. असायला हवं होतं.

मुकादमाचंही नाव नाही, आणि माझा खरा मुद्दा तिथे आहे. पोराने कुठलाही नियम मोडला नाही. हेल्मेट होतं, बूट होते, सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे केलं. चूक हुकमात होती. ‘शीटा उचल’ म्हणण्याआधी कुठल्या शीटेखाली काय आहे हे बघणं मुकादमाचं काम होतं, आणि ते त्याला आजवर कुणी शिकवलेलं नाही. आपल्याकडे प्रशिक्षण बिगाऱ्याला मिळतं, ज्याच्या हातात काहीच नसतं. हुकूम देणाऱ्या मुकादमाला ते नाही, वेळापत्रक आखणाऱ्या इंजिनियरला नाही, आणि पोटठेकेदाराला तर नाहीच नाही. पडतो तो खालचा माणूस, पण त्याच्या पडण्याची तयारी वरून झालेली असते.

आणि प्रशिक्षणाने सगळं होतं असंही मी म्हणत नाही. डक्टच्या भोकात स्लॅबची सळ्यांची जाळी तशीच पुढे नेता येते. कॉन्क्रीट ओतताना भोक मोकळं ठेवायचं, पण जाळी राहू द्यायची. पाइप टाकायची वेळ येईल तेव्हा कापायची. मग शीट कुणी उचलली तरी माणूस खाली जात नाही, त्याने व्हिडिओ पाहिलेला असो वा नसो. हे ड्रॉइंगवर ठरवायचं काम आहे. ड्रॉइंग करणाऱ्याला एक रेघ जास्त ओढावी लागते, इतकंच. धोकाच ठेवू नये. ठेवावा लागला तर त्याला पक्कं झाकण, कठडा, जाळी. आणि हे सगळं करून जे उरेल त्यासाठी हार्नेस (पडणाऱ्याला झेलणारे अंगावरचे पट्टे), हेल्मेट आणि शिकवणी. आपल्याकडे ही उतरंड उलटी रचली आहे. सगळा भार सगळ्यात खालच्या मडक्यावर.

हार्नेसचंच बघा. आपल्या साइटवर पट्टे सगळ्यांच्या अंगावर असतात, त्याबद्दल कंपनीला दोष देता येणार नाही. फोटोत उत्तम दिसतात. पण हूक कुठे अडकवायचा? दोन मीटरचा लॅनयार्ड, म्हणजे पट्ट्यापासून हुकापर्यंतची दोरी, घ्या. माणूस पडल्यावर झटका शोषणारी त्याची शिवण उसवते, ती पावणेदोन मीटरपर्यंत लांबू शकते. पाठीवरच्या कडीपासून तळव्यापर्यंत दीड मीटर. वर एक मीटर राखीव. बेरीज सव्वासहा मीटर. म्हणजे पायाजवळ हूक अडकवला असेल तर खाली दोन मजल्यांपेक्षा थोडी जास्तच मोकळी जागा हवी. पहिल्या स्लॅबच्या कडेला, तीन मीटरवर, पायाशी हूक अडकवून काम करणारा माणूस पट्ट्यासकट जमिनीवर येतो. हूक डोक्याच्या वर अडकवला तर हे सगळं गणित बदलतं, कारण पडण्याचं अंतरच फारसं उरत नाही.

हे आकडे मी एकदा तोंडी सांगितले तेव्हा माना डोलल्या. मग एका दुपारी जागा दोरी लावून बंद केली, वाळूची दोन पोती एकत्र बांधली, त्यांना जुना हार्नेस घातला, हूक पहिल्या स्लॅबवर पायाच्या पातळीला अडकवला आणि पोती ढकलली. ती धप्पकन जमिनीवर आपटली, शिवण अर्धवट उसवली आणि लॅनयार्ड वर लोंबत राहिला. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून सुतारांची टोळी स्वतःहून विचारायला लागली, “साहेब, वर अडकवायला तार कधी ओढणार?” त्या तारेची, म्हणजे लाइफलाइनची, मागणी मी लेखी दिली आहे. पोती फुकट वाया घालवल्याबद्दल स्टोअरवाल्याचा मेमोही मला मिळाला आहे. दोन्ही कागद एकाच फाइलला लावून ठेवलेत.

समजा पट्ट्याने माणूस झेलला. मग तो लोंबकळतोय. मांड्यांवर पट्टे आवळलेले, पाय हलत नाहीत, रक्त पायांत साठायला लागतं. काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याला खाली कोण घेणार, कशाने घेणार, किती वेळात? मी तीन साइटवर हा प्रश्न विचारला. प्रत्येक ठिकाणी उत्तर आलं, “ॲम्ब्युलन्सला फोन करू.” ॲम्ब्युलन्स रस्त्यावर येते, सातव्या मजल्याच्या बाहेर हवेत येत नाही. सुटकेची दोरी, कप्पी आणि ती वापरायचा सराव असलेली चार माणसं पाळीत हजर नसतील, तर उंचीवरचं काम त्या पाळीत सुरू करू नये. एवढा साधा नियम आपल्याकडे नाही.

खोदकामाबद्दल थोडक्यात. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते, लहान मोटारगाडीइतकी. कंबरेएवढ्या खड्ड्याची कुणाला भीती वाटत नाही, आणि डोक्याएवढ्या खड्ड्यात उकिडवं बसून पाइप जोडायचा असतो. भिंत ढासळली तर तोंड मोकळं असूनही छातीवरच्या दाबाने श्वास घेता येत नाही. आणि वाचवायला उडी मारणारा दुसरा बहुतेक वेळा सख्खा सोबती असतो. भिंतींना आधार, नाहीतर उतार. काढलेली माती कडेपासून लांब. आणि पाऊस पडून गेला की उतरण्याआधी पुन्हा तपासणी. यात अडाण्याला न समजणारं काही नाही. अडतं ते आधाराच्या प्लेटी दुसऱ्या साइटवर गेलेल्या असतात तिथे.

गेटवरच्या फलकाकडे येतो. ‘अपघाताविना दिवस’ आणि खाली आकडा. पोरगा पडला त्या दिवशी तो तीनशे बारा होता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांबून पाहिलं. तीनशे तेरा. विचारलं तर सांगण्यात आलं की तो पोटठेकेदाराचा माणूस, आपल्या हजेरीपटावर नाही. पडला आपल्याच भोकातून, पण आकड्यात धरायचा नाही. त्या आकड्यावर साइटचा बोनस ठरतो, म्हणून कुणालाच तो शून्यावर आलेला नको असतो. कामगारांनासुद्धा. मागच्या पावसाळ्यात एका फिटरच्या बुटातून खिळा वर आला, तर त्याने सिमेंटच्या गोणीचा दोरा गुंडाळून दिवस काढला. ‘माझ्यामुळे सगळ्यांचं बुडायला नको.’ तो पाय सुजून टम्म झाला तेव्हा आम्हाला कळलं. हा फलक अपघात मोजत नाही, लपवायला शिकवतो. तो उतरवा, आणि मोजायचंच असेल तर थोडक्यात टळलेले प्रसंग मोजा: निसटलेला टेकू, वरून पडलेला पाना, परांचीच्या जोडावरचा सैल कप-लॉक. जिथे महिन्याला असे वीस प्रसंग कळवले जातात ती साइट मला शून्य कळवणाऱ्या साइटपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

बुटांचा विषय काढायला संकोच वाटतो, पण काढतो. पोटठेकेदार बूट आणि हेल्मेटचे पैसे पहिल्या पगारातून कापतो. मग माणूस स्वस्तातले घेतो, किंवा आधी सोडून गेलेल्याचे घालतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात स्वच्छ म्हटलं आहे की सुरक्षेच्या उपाययोजनांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. बांधकामासाठीचा वेगळा करार १९८८ चा, क्रमांक १६७. त्यातही संरक्षक साहित्य मालकाने द्यावं, तेही विनामूल्य, असं आहे. पोटठेकेदाराच्या करारात हे एक कलम घालायला आपल्या कायदा विभागाला किती वेळ लागेल?

त्याच १६७ क्रमांकाच्या करारात आणखी एक गोष्ट आहे. समोर गंभीर धोका आहे असं मानायला कामगाराकडे सबळ कारण असेल, तर तिथून बाजूला होण्याचा त्याला हक्क आहे, आणि वरिष्ठाला लगेच कळवणं हे त्याचं कर्तव्य. आपल्या भिंतीवरही ‘असुरक्षित वाटल्यास काम थांबवा’ असं पोस्टर आहे. ते वाचून काम थांबवलेला एकजण मला माहीत आहे. तो मीच.

स्लॅबखालचे टेकू काढायचे होते. क्यूबचा, म्हणजे कॉन्क्रीटच्या नमुना ठोकळ्याच्या ताकद-तपासणीचा, रिझल्ट आला नव्हता, दोन रात्री गारठा पडला होता, आणि गारठ्यात कॉन्क्रीट हळू पकडतं. पंधरा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला ३६० किलो भरतो. शंभर चौरस मीटर म्हणजे ३६ टन, आणि खाली माझी सहा माणसं. मी म्हटलं, रिझल्टशिवाय टेकूला हात लावणार नाही. उत्तर आलं, “तू इंजिनियर आहेस का? क्रेन उभी आहे.” मी हात लावला नाही. रिझल्ट दोन दिवसांनी आला, कमी आला. टेकू आणखी पाच दिवस राहिले. त्याबद्दल शाबासकी नको होती; पण त्या महिन्याच्या मूल्यमापनात माझ्या नावापुढे ‘सहकार्याचा अभाव’ असं लिहिलं गेलं. आमच्या टोळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता पोस्टर कितीही रंगवा.

कच्च्या कॉन्क्रीटवर भरवसा ठेवल्याने काय होतं, याचं उदाहरण फार मोठं आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे वीजकेंद्राचा कूलिंग टॉवर, म्हणजे पाणी थंड करायचा उंच कॉन्क्रीटचा मनोरा, बांधत होते. परांची खालून उभी नव्हती, टॉवरच्या भिंतीलाच बोल्टने बांधलेली होती, आणि रोज एक थर ओतून वर सरकत होती. २७ एप्रिल १९७८ ला सकाळी नवा थर ओतायला सुरुवात झाली, तेव्हा आदल्या दिवशीचं कॉन्क्रीट पुरेसं पकडलेलं नव्हतं. भार त्याच्यावरच होता. ते सुटलं आणि परांची टॉवरच्या कडेकडेने उसवत खाली आली. वर असलेले एक्कावन्नच्या एक्कावन्न कामगार गेले. ते लोक कच्चे नव्हते, पट्टे-हेल्मेटांचा तिथे काही संबंध नव्हता. कॉन्क्रीट तयार आहे का हे तपासून मगच पुढे जायचं, ही पायरी रोजच्या वेगात गाळली गेली होती. ती पायरी एखाद्या बिगाऱ्याने गाळलेली नसते.

म्हणून मागणं असं. प्रशिक्षण वरून सुरू करा: आधी प्रोजेक्ट मॅनेजर, मग इंजिनियर, मग मुकादम आणि पोटठेकेदार, आणि शेवटी आम्ही. मुकादमाला दोन दिवस पगारी शिकवा, त्याच्या भाषेत, स्लॅबवर उभं राहून. परीक्षा कागदावर नको; त्याला मजला फिरवा आणि विचारा, “इथे काय चुकलंय?” नव्या माणसाला पहिले पंधरा दिवस एका जुन्या माणसाच्या जोडीला द्या, आणि हेल्मेटचा रंग वेगळा ठेवा, म्हणजे लांबूनही कळेल की याला अजून नीट माहीत नाही. टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, रोज तोच कागद वाचू नका. आज जे काम आहे त्याच्यावर पाच मिनिटं बोला, आणि त्यातली दोन कामगारांना बोलू द्या. सळ्या वाकवणाऱ्या बार बेंडरला जे ठाऊक असतं ते सेफ्टी ऑफिसरच्या फाइलमध्ये नसतं. आपल्या सेफ्टी ऑफिसरबद्दल माझी तक्रार नाही, उलट माणूस तळमळीचा आहे. पण तीन साइटला मिळून एकच आणि अहवाल मात्र त्याच प्रोजेक्ट मॅनेजरला, ज्याचं काम त्याने थांबवायचं. त्याचा अहवाल थेट आपल्याकडे येऊ द्या.

आमच्याही बाजूला खोट आहे. हार्नेस घालणाऱ्याला ‘घाबरट’ म्हणणारे माझ्याच टोळीत आहेत. ग्राइंडरची गार्ड काढून ठेवणारे आहेत. दगड-फरशी पाणी न मारता कापून अंगभर पांढरी धूळ घेऊन बसणारे आहेत. ती सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि निघत नाही, हे दहादा सांगूनही. पण पाण्याची लाइन वरच्या मजल्यापर्यंत आलेली नसते, हेही तितकंच खरं.

त्या पोराचा अहवाल दुरुस्त करा, ही शेवटची विनंती. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द काढा. त्या जागी लिहा: भोकावरची शीट पक्की केलेली नव्हती, खूण नव्हती, सुपरवायझरने पाहूनही दुर्लक्ष केलं, मुकादमाने तपासणी न करता हुकूम दिला. माझं नाव घाला. त्याच्या उपचारांचा आणि बुडालेल्या हजेरीचा प्रश्न या एका शब्दावर अडलेला आहे.

येत्या सोमवारी सकाळी सात वाजता सहाव्या मजल्यावर टूलबॉक्स टॉक आहे. विषय आहे भोकं आणि झाकणं. आपल्यापैकी कुणी एकजण जरी आलात तरी चालेल. लिफ्ट बंद आहे, जिन्याने यावं लागेल, कठडा फक्त तिसऱ्या मजल्यापर्यंत आहे. हेल्मेट गेटवर मिळेल. बूट मात्र आपले आणा, स्टोअरमध्ये आठ नंबरच्या वरचे नाहीत.

आपला,
सेंट्रिंग सुपरवायझर